सात वाक्यं

विंटर टायर्स बसवायला गाडी दिली होती आणि मी गॅरेजच्या वेटिंग रूममध्ये बसले होते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, मंगळवार, सकाळचे साडेदहा. तेवढ्यात एका केअर होममधून फोन आला. आमच्या व्हिटबीतलंच होम, सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कन्नडसाठी व्हॉलंटियर करता ना? आमच्याकडे एक मिसेस हिरेमठ आहेत. दुपारी झोपेत बोलतात. काही दुखतंय का, काही मागतायत का, ते आम्हाला समजायला हवं. एक रेकॉर्डिंग पाठवते."

मी एकवीस वर्षं इथे कॅनडात, शेजारच्या ओशावातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. रक्ताची नळी हातात आली की आधी लेबल वाचायचं, अंदाज करायचा नाही, ही तिथली सवय. रिटायर झाले, पाठोपाठ माझे यजमान सूर्यकांत गेले. मुलगा परीक्षित बर्नाबीला नोकरीला. घरात नुसतं बसून राहायला नको म्हणून भाषांतरासाठी नाव दिलं होतं. मी मराठी, पण वडील पोस्टात, त्यामुळे शाळा धारवाडची. कन्नड मला आईच्या भाषेइतकंच येतं.

रेकॉर्डिंग चाळीस सेकंदांचं होतं. एक तरुण बाई कन्नडमध्ये म्हणत होती, "अण्णा, ज्या घरात माझ्या आईला घोटभर पाणी मिळालं नाही, त्या घरात मी दिवा लावणार नाही." आवाज स्वच्छ, थोडा ओलसर, शेवटच्या शब्दावर किंचित खाली येणारा.

तो माझा आवाज होता. एकोणीसशे चौऱ्याण्णवचा.

मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. खोलीत कोणीतरी फोनवर जुना सिनेमा लावला असणार, असं मनाशी म्हटलं. टायर्स बसवून झाले, मी सही केली आणि घरी न जाता तिकडेच गाडी वळवली.

हे इथे कोणाला माहीत नाही, आमच्या मराठी मंडळातही नाही. लग्नानंतर आम्ही बेंगळुरूला होतो तेव्हा मी डबिंग करत असे. शर्वाणी नावाची नटी होती, तिच्या तेवीस सिनेमांत आवाज माझा आहे. पडद्यावर नाव कुठेच नाही. शर्वाणी निपाणीची, मराठी, खरं नाव शीला. तिचं कन्नड सीमाभागातलं, खडबडीत. ते बेंगळुरूच्या निर्मात्यांना चालायचं नाही. तिने ओठ हलवायचे, मी काळोख्या खोलीत कागद धरून बोलायचं. आमची भेट कधीच झाली नाही. तिला फक्त माझा आवाज माहीत होता आणि मला फक्त तिचे ओठ.

खोली क्रमांक एकशे सहा. दारावर नाव होतं, शीला हिरेमठ. मी ते वाचलं आणि तरीही आत गेले.

खिडकीशी व्हीलचेअरमध्ये ती बसली होती. केस पांढरे, बारीक कापलेले. पण वरचा ओठ, त्याचा डावा कोपरा बोलण्याआधी किंचित उचलला जायचा तो, तो मी हजारो वेळा पाहिला होता. गळ्याशी मऊ कापडाचा पट्टा बांधलेला आणि श्वासाबरोबर तो पट्टा आत-बाहेर होत होता.

"बसू का?" मी मराठीत विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडीवरच्या पांढऱ्या बोर्डवर मार्करने लिहिलं, 'बस की. मराठी माणूस इथं कुठं गावायचं!'

तिची देखभाल करणारी मारिसेल, फिलिपीन्सची, चाळिशीची बाई, मला बाहेर घेऊन गेली. "फाइल वाचलीत?" ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढलंय. श्वास गळ्यातल्या छिद्रातून घेतात. त्यांना आवाज काढताच येत नाही. डॉक्टर म्हणाले, शक्य नाही. मी म्हटलं, मग येऊन ऐका. ते आले त्या दिवशी ह्या गप्प झोपल्या."

"टीव्ही? फोन?"

"टीव्ही नाही. फोन मी स्वतः काढून ठेवते."

मी परत जाऊन खोली बघितली. कपाट, बेडखालची जागा, भिंतीतला स्पीकर. स्पीकर बंद होता. शीलाताई माझ्याकडे बघत होत्या.

मी कोण ते मी सांगितलं नाही. नाव सांगितलं, प्रमोदिनी. नावाने त्यांना काय कळणार होतं? त्या दिवशी मी घरी आले आणि बाथरूमच्या आरशात स्वतःकडे बघायचं टाळलं. आज ना उद्या हे असं समोर येणार, हे सव्वीस वर्षं मला कुठेतरी ठाऊक होतं.

तरीही मी जात राहिले, दर मंगळवारी आणि गुरुवारी, दोन वाजता. भाषांतरापेक्षा गप्पाच जास्त. मी बोलायचे, त्या लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. असं तुकड्यातुकड्यांनी त्यांनी मला सगळं सांगितलं.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत. घरभर तंबाखूची धूळ, सगळी भावंडं शिंकत झोपायची. सोळाव्या वर्षी गावात आलेल्या नाटक कंपनीत एक बाई आजारी पडली म्हणून शीलाला उभं केलं, संवाद नव्हते, नुसतं रडायचं होतं. ती इतकी रडली की दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा तेच बघायला आले. तिथून हुबळी, तिथून बेंगळुरू. शर्वाणी हे नाव दिग्दर्शकाने ठेवलं. पहिला सिनेमा पडला, तिसरा शंभर दिवस चालला. दावणगेरेला लोकांनी तिची गाडी खांद्यावर उचलली होती.

'आई सिनेमाला आली एकदा,' त्यांनी लिहिलं. 'बाहेर आल्यावर म्हणली, सगळं झ्याक हाय, पर ती बया कोण बोलतीया तुझ्या तोंडातनं?'

मी हसले. त्याही हसल्या, आवाज न करता. गळ्यावरचा पट्टा भराभर हलला.

"मग सोडलं का?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी मी विचारलं, ह्याची आज मला सर्वांत जास्त लाज वाटते.

त्यांनी मार्कर उचलला, ठेवला. मग लिहिलं, 'गिरिजा.'

सत्त्याण्णव साल. कावेरीच्या पात्रात गाण्याचं शूटिंग होतं. मागे नाचणाऱ्या सहा मुली कमरेइतक्या पाण्यात, अंगावर जड घागरे. पाणी वाढत होतं. होडी ठेवा, पोहणारे ठेवा, असं शीलाताईंनी निर्मात्याला दोनदा सांगितलं. त्याने ऐकलं नाही. गिरिजा एकोणीस वर्षांची होती. तिचा हात शीलाताईंच्या हातात होता आणि तो सुटला. शीलाताईंनी पत्रकारांना बोलावून हे सगळं सांगितलं. असं तेव्हा कोणी करत नसे.

पुढचं त्यांनी लिहिलं नाही. पुढचं माझं होतं.

निर्मात्याच्या माणसाने मला स्टुडिओत बोलावलं. एका सिनेमाचा लहानसा प्रसंग आहे, चित्र अजून यायचंय, नुसता आवाज हवा. कागदावर सात वाक्यं होती. 'मी जे बोलले ते रागाच्या भरात बोलले.' 'त्या दिवशी नदीवर सगळी काळजी घेतलेली होती.' आणि तिसरं, 'गिरिजा स्वतःच्या हौसेनं खोल पाण्यात गेली.'

पेपर मीही वाचत होते. तिसऱ्या वाक्याला मला कळलं. मी थांबले, काचेपलीकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने हाताने खूण केली, पुढे. आणि मी उरलेली चार वाक्यं म्हटली. चांगली म्हटली. सहाव्याला आवाजात थोडं पाणीही आणलं.

ती टेप पत्रकारांना ऐकवली गेली. केबलवाल्यांनी शर्वाणीच्या फोटोवर लावून दाखवली. अख्खा कर्नाटक तो आवाज ओळखत होता. हा माझा आवाज नाही, असं सांगायला शीलाताई लोकांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचं ते खडबडीत कन्नड ऐकून लोक हसले. कोणीतरी ओरडलं, आधी शर्वाणीला बोलवा. केस बंद झाली. त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. सहा वर्षांनी ओशावातल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका विधुराशी लग्न करून त्या इकडे आल्या. सिनेमा न बघणारा भला माणूस. तोही आता नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मी तो आवाज समोर बसून ऐकला.

जेवण झालं होतं, खिडकीबाहेर बारीक बर्फ पडत होतं. शीलाताई बेडवर झोपल्या होत्या, तोंड माझ्याकडे. पावणेतीनला त्यांचा वरचा ओठ डाव्या कोपऱ्यात उचलला गेला. मग ओठ हलू लागले आणि आवाज आला. खोलीच्या कोपऱ्यातून नाही, भिंतीतून नाही. त्यांच्या तोंडातून. गळ्यावरचा पट्टा मात्र झोपेतल्या श्वासाच्या संथ लयीतच हलत होता.

मी माझा हात त्यांच्या ओठांजवळ नेला. तिथे हवा नव्हती.

आधी सिनेमातले संवाद आले, मला पाठ असलेले. संवादांच्या मागे आणखी एक बारीक आवाज येत होता. कागदाची सळसळ. डबिंग करताना आम्ही कागद माइकपासून लांब धरायचो, पान उलटताना श्वाससुद्धा रोखायचो. खोलीत कागद नव्हता.

मग ती वाक्यं सुरू झाली. एक. दोन. तीन.

तिसऱ्यानंतर ती थांबली. मी मनात मोजलं, अकरा सेकंद. त्या शांततेत कोणीतरी आवंढा गिळल्याचं ऐकू आलं. मग चौथं वाक्य.

ती शांतता टेपवर नव्हती. रेकॉर्डिस्टने ती माझ्यासमोर कापून टाकली होती. ती शांतता फक्त मला माहीत होती.

त्या जाग्या झाल्या तेव्हा मी खुर्चीत तशीच बसलेली होते. त्यांनी बोर्ड मागितला. 'मी झोपेत बोलते म्हणं. काय बोलते गं?'

मला खोटं बोलता आलं असतं. सवय होती. पण तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. स्टुडिओ, कागद, तिसरं वाक्य, पुढची चार. "शीलाताई, ती मी होते," असं म्हणताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, त्यांच्या पावलांवरच्या लोकरी मोज्यांकडे बघत होते.

मार्करचा चरचर आवाज बराच वेळ येत राहिला. त्यांनी बोर्ड माझ्या मांडीवर ठेवला.

'ठाऊक हाय. पहिल्याच दिवशी कळलं, बसू का म्हणलीस तवा. तेवीस सिनेमे तो आवाज माझ्या तोंडातनं निघताना बघितलाय मी.'

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा बिनआवाजी हसल्या. मग गंभीर झाल्या. बोर्ड पुसून लिहिलं. मिसिसॉगाहून शनिवारी सकाळी दहाला रेडिओवर एक कन्नड कार्यक्रम लागतो. तो चालवणारे रंगनाथ जुन्या नटीवर कार्यक्रम करायचा म्हणून शीलाताईंच्या मागे लागले होते. इंटरनेटवर तिकडे गावीही ऐकतात. गिरिजाची बहीण मंड्याला आहे, अजून जिवंत आहे. शेवटची ओळ होती, 'माझ्याकडनं तू बोल. तुझं नाव सांगून बोल.'

"बोलेन," मी म्हटलं. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं.

रंगनाथांना मीच फोन केला. त्यांनी डिसेंबरमधला दुसरा शनिवार दिला.

त्या सकाळी मी नीट साडी नेसले, वर जाड कोट घातला, ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल केलं आणि साडेआठला मिसिसॉगाच्या स्टुडिओकडे निघाले. रस्ते साफ होते. वाटेतल्या एजॅक्सपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. मग मंडळातले चेहरे डोळ्यांपुढे यायला लागले. दिवाळीला माझ्या पाया पडणाऱ्या मुली. परीक्षितची सासरची माणसं. निवेदन करायला दरवर्षी मलाच बोलावतात, प्रमोदिनीताईंचा आवाज काय गोड, म्हणतात.

एजॅक्सच्या एक्झिटला मी हायवे सोडला. एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

दहा वाजता गाडीतला रेडिओ लावला. रंगनाथ काहीतरी सारवासारव करतील, मग गाणी लावतील, ते ऐकून निघू, असं ठरवलं होतं. माझी वाट बघून त्यांचा आवाज कसा पडतो, ते ऐकायची शिक्षा तरी मला व्हायला हवी होती.

रंगनाथ म्हणाले, "आपल्या पाहुण्या आलेल्या आहेत. बोला, अम्मा."

आणि मी बोलू लागले.

तरुणपणचा आवाज नव्हता तो. माझा आजचा होता, एकसष्टीचा, वाक्याच्या शेवटी दम लागणारा. "माझं नाव प्रमोदिनी. शर्वाणी म्हणून तुम्ही जो आवाज ऐकलात तो माझा."

मी हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. ओठ बंद होते.

रेडिओवरची मी सगळं सांगत होते. होडी नव्हती. पोहणारे नव्हते. गिरिजाचा हात कसा सुटला. कागदावर सात वाक्यं होती.

"तिसऱ्या वाक्याला मला कळलं," ती म्हणाली. "मी अकरा सेकंद थांबले. मग पुढचं म्हटलं."

आकडा मी कोणाला सांगितलेला नव्हता. शीलाताईंनासुद्धा.

मी गाडी बंद केली. काचांवर आतून वाफ धरली होती. बाहेर एक बाई ट्रॉली ढकलत गेली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

घरी आल्यावर फोन सुरू केला तेव्हा परीक्षितचे चार मिस्ड कॉल होते. तो बेंगळुरूत सहा वर्षांचा होईपर्यंत होता, कन्नड त्याला अजून समजतं.

"आई, एका कलीगने मला लिंक पाठवली," तो म्हणाला. "तू हे कधी सांगितलं नाहीस गं. पण आज बोललीस. आय ॲम सो प्राउड ऑफ यू."

मी 'हं' म्हटलं. एवढंच म्हटलं.

रविवार गेला, सोमवार गेला. मंडळातल्या दोघीतिघींचे मेसेज आले, फार धीराचं काम केलंत म्हणून. रंगनाथांकडून नंबर घेऊन मंड्याहून एका बाईने व्हॉइस मेसेज पाठवला. ती गिरिजाची बहीण होती. ती नुसती रडत होती आणि मधेच 'देव तुमचं भलं करो' म्हणत होती. मी तो पुरता ऐकू शकले नाही आणि पुसूही शकले नाही.

मंगळवारी दोन वाजता मी केअर होममध्ये गेले, खरं सांगून टाकायचं असं ठरवून.

शीलाताई खिडकीशी होत्या. चेहरा धुतल्यासारखा. मारिसेल म्हणाली, शनिवारपासून दुपारचं बोलणं थांबलंय, बाळासारख्या झोपतात. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, माझे हात घट्ट धरले आणि कपाळाला लावले. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी बाई.

"शीलाताई, त्या दिवशी मी..."

त्यांनी मान हलवली, बोलू नको अशी. बोर्डवर लिहिलं, 'आता आईला सांगता येईल, कोण बोलत हुती ते.' ते पुसून पुन्हा लिहिलं, 'शनिवारी तिकडनं सरळ हितंच आलीस. दमली हुतीस. एक शब्द बोलली न्हाईस, नुसती हात धरून बसलीस. बरं वाटलं बघ.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. शनिवारी एजॅक्सहून मी घरीच गेले होते.

हीच वेळ होती बोलायची. त्यांचे डोळे माझ्यावर होते, मऊ, विश्वासाचे. अकरा सेकंद झाले असतील, जास्तही. मग मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, "मलाही बरं वाटलं."

ऐंशी किलोमीटर दूर कोणीतरी माझी लाज माझ्या नावाने उघडी केली होती, आणि त्याचे आभार मी इथे बसून घेतले. मग मी बाहेर पडले.

रिसेप्शनवर व्हिजिटरांचं रजिस्टर असतं. मी बाहेर पडल्याची वेळ लिहायला लागले तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, शनिवारचंही भरून टाका ना. तुम्ही साइन आउट करायला विसरलात. आग वगैरे लागली तर आम्हाला माणसं मोजावी लागतात. आमच्या हिशेबाने तुम्ही अजून आतच आहात."

तिने मागचं पान उलटलं. शनिवार. बारा वाजून वीस मिनिटं. खोली एकशे सहा. नाव माझं, अक्षर माझं, 'प्र'चा पाय मी ओढते तसा लांब ओढलेला. शेवटचा रकाना कोरा.

मी पेन धरून उभी राहिले. कुठली वेळ लिहायची, ते मला सुचेना.

कॉरिडॉरमध्ये तीनच्या चहाची ट्रॉली आली होती. मारिसेल ती ढकलत होती, तिची पाठ माझ्याकडे. एकशे सहाच्या दाराशी, जिथून मी आत्ताच बाहेर पडले होते, ती थांबली. तिने आत डोकावून पाहिलं, हसून काहीतरी विचारलं, उत्तर येईपर्यंत थांबली, आणि ट्रॉलीवरून दोन कप उचलून आत गेली.